शिट्टी होईपर्यंत बाहेर

लग्नाकार्यात कुणी जुनं ओळखीचं भेटलं की विचारतं, "सध्या काय करतेस गं मंजिरी?" मी सांगते, "जळलेल्या ट्यूबलाइट गोळा करते." समोरची बाई क्षणभर थांबते, मग माझ्या नवऱ्याकडे बघते आणि आवाज खाली आणून विचारते, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक आहे! वाळूजच्या एमआयडीसीत आमची एक शेड आहे. तिथं जुन्या ट्यूब, सीएफएल, कारखान्यांतले आणि रस्त्यावरचे मोठे दिवे येतात. या सगळ्यांच्या पोटात थोडासा पारा असतो. काच शाबूत असेपर्यंत तो गुपचूप बसतो. काच फुटली की हवेत जातो, दिसत नाही, वास येत नाही, आणि श्वासातून अंगात शिरतो. आमचं मशीन हे दिवे बंद पेटीत फोडतं आणि काच वेगळी, टोप्या वेगळ्या, पारा वेगळा करतं. लोकांना पटवून दिवे आणणं हे माझं काम. आणि लोकांशी संबंध आला की किस्से आलेच. काच, टोप्या, पारा सगळं कुठं ना कुठं रवाना होतं, किस्से तेवढे माझ्याकडे साठून राहिलेत. आज तुम्ही तावडीत सापडलाच आहात, तर ऐका!

*

आधी आमचे जोशी सर. शेडचे मालक, मॅनेजर, सगळं तेच. वाळूजच्याच एका कंपनीत आयुष्यभर सेफ्टी ऑफिसर होते. सर रिटायर झाले, पण त्यांच्या गळ्यातली शिट्टी काही रिटायर झाली नाही.

दिवाळी झाली की सर कॉलनीभर फिरून वापरलेल्या पणत्या मागून आणतात. लोकांना वाटतं, म्हातारा धार्मिक आहे. खरं कारण असं की दर शनिवारी, कुणाला न सांगता, सर शेडमध्ये कुठंतरी एक पणती जमिनीवर टाकतात. फट्! तो आवाज आला की ट्यूब फुटली असं समजायचं. केरसुणी घ्यायची नाही, वाकून बघायचं नाही. पंखा बंद, खिडक्या उघड्या आणि सगळ्यांनी फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली. सरांची शिट्टी होईपर्यंत कुणीही आत पाऊल टाकायचं नाही. हातातला चहा आत राहिला असेल तर राहिला!

एका शनिवारी तपासणीसाठी एक साहेब आले होते. माझ्यासमोर बसून कागद बघत होते, तेवढ्यात फट्! आम्ही उठलो, पंखा बंद केला, निघालो. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी सवयीनं ओरडले, "बाहेर!" सांगते तुम्हाला, साहेब आमच्या सगळ्यांच्या आधी कडुलिंबाखाली पोचले होते. एक चप्पल आतच.

शिट्टी झाली आणि साहेबांना कळलं की फुटली ती पणती. ते भयंकर चिडले. "अहो, पणतीला एवढं पळवता, मग ट्यूब फुटल्यावर काय करता?"

सर शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे ट्यूब फुटत नाही साहेब. पणत्या फुटतात ना, म्हणून!"

*

आमच्या गाडीवर रफिकभाई. मूळ सिल्लोडचे, आता शहरात राहतात. शाळा, मंगल कार्यालयं, कारखाने, सगळीकडून दिवे भरून आणतात. दिवा उचलायची त्यांची एक पद्धत आहे. ट्यूब कधी उभी धरणार नाहीत, कधी एका हातात घेणार नाहीत. दोन्ही हात खाली घालून, आडवी, पाळण्यात लेकरू ठेवावं तशी ती पेटीत ठेवतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता मी घरी पोळपाटसुद्धा तसाच उचलते!

एकदा सिल्लोडहून येताना नाक्यावर एका हवालदारानं गाडी थांबवली.

"काय भरलंय?"

"ट्यूबा हायत साहेब."

"नव्या?"

"नाय, जळेल्या."

"जळेल्या ट्यूबा कोण घेऊन फिरतं? उघड पेटी!"

"उघडतो की. फक्त तुम्ही जरा त्या अंगाला उभं ऱ्हा. ह्यात पारा असतो. तुमचा हात लागून एखादी फुटली तर ती वरदीला बी सोडायची नाय आन मला बी."

हवालदार दोन पावलं मागं गेला. "मग तू कसा काय ठणठणीत?"

"मी फोडत नाय ना साहेब!"

हवालदारानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "थांब इथंच. हलू नको." रफिकभाईंना वाटलं, आता पावती फाडणार. तो चौकीत गेला आणि सुतळीनं बांधलेला जुन्या ट्यूबांचा एक भारा घेऊन आला. "हे पण ने बाबा. आमचे साहेब रोज म्हणतात फेका, फेका. लई दिस झाले. फेकायचं कुठं ते मात्र सांगत नाय!"

असा हा माणूस. पोलिसाला भीत नाही. कंपन्यांच्या मोठमोठ्या मॅनेजरांना "साहेब, आडवी धरा" म्हणून दरडावतो. त्यामुळे पुढचं जे सांगणार आहे ते मला पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं.

*

क्रांती चौकाच्या मागं काही गल्ल्या सोडून रज्जाक चाचांचं भंगारचं आवार आहे. एलईडी आल्यापासून लोक जुन्या ट्यूब काढून टाकायला लागले आणि त्यांचा पूर चाचांच्या आवारात आला. चाचा ट्यूब घेतात ते तिच्या दोन्ही टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्यांसाठी. त्यांच्यासमोर एक काळा दगड असतो, मधोमध खळगा पडलेला. ट्यूब मध्ये धरायची, टोक दगडावर टेकवायचं आणि टक्! टोपी सुटून बादलीत. ट्यूब फिरवायची, टक्! दुसरी टोपी. उरलेली काच मागच्या ढिगावर. आतली पांढरी पावडर उन्हात तरंगते. एवढं सफाईदार काम की येणारे जाणारे बघायला थांबतात. मीही थांबले होते, खोटं कशाला बोलू? पण नाकाला रुमाल लावून.

ढिगापासून हातभर अंतरावर चटईवर एक चारेक वर्षांची मुलगी बसली होती. बादलीतल्या टोप्या घेऊन तिची भातुकली चालली होती. एका टोपीत माती, दुसरीत पाणी. टोप्या म्हणजे तिचे तवे.

मी चाचांना माझं सगळं व्याख्यान दिलं. पारा म्हणजे काय, मेंदूला काय होतं, लहान मुलांना जास्त कसं बाधतं. चाचांनी अदबीनं ऐकून घेतलं, चहा मागवला.

"मॅडम, आप पढेलिखे लोगां. आप बोले तो सहीच होएंगा. लेकिन जो दिखताच नै, उसकू डरना कैसा?"

मी म्हटलं, "चाचा, वारा तरी कुठं दिसतो?"

"लगता तो है ना!" असं म्हणून त्यांनी माझी खुर्ची सावलीत सरकवली.

चाचांनी चहा बशीत ओतला. अर्धा बशीत पडला, अर्धा खाटेवर. हात थरथरत होता. मी बघितलेलं त्यांच्या लक्षात आलं. "उमर," ते बशीकडे बघत म्हणाले.

मी फणफणत गाडीत येऊन बसले. "रफिकभाई, ती पोरगी कुणाची हो? तिच्या आईबापाला काही अक्कल आहे का नाही?"

रफिकभाईंनी गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

"माझीच हाय मॅडम. मिस्बा. चाचा माझे सासरे."

मग हळूहळू कळलं. रफिकभाईंची बायको शबाना एका बुटीकमध्ये शिवायला जाते, आई गुडघ्यांनी अधू, म्हणून पोरगी दिवसभर आजोबांकडे. शबानानं वडिलांना सांगून बघितलं होतं. ते हसून म्हणाले, "तू बी इसीच ढेर पे खेल के बडी हुई. क्या हुआ तेरेकू?"

"आणि तुम्ही? तुम्ही का नाही बोलत?"

"सासऱ्यासमोर आवाज काढायची आमच्यात पद्धत नाय मॅडम. निकाहच्या दिवशी 'कुबूल है' म्हटलो, तेवढंच त्यांनी माझ्या तोंडून ऐकलंय!"

ते हसले. मीही हसले. पण त्या दिवशी माझ्या डब्यातली भाजी तशीच परत गेली. रोज हजार लोकांच्या ट्यूब लेकरासारख्या उचलणारा माणूस, आणि त्याचं लेकरू त्या ढिगापाशी! मी ठरवलं, चाचांना सोडायचं नाही.

*

मध्ये एक हलकाफुलका सांगते, सिल्लोडकडच्या एका शाळेचा.

आम्ही शाळांना सांगतो की नवीन ट्यूब लावली की जुनी त्याच नव्या खोक्यात घाला, म्हणजे फुटत नाही. या शाळेचे शिपाई गणपतमामा फार व्यवस्थित माणूस. त्यांनी प्रत्येक जुनी ट्यूब पुसून नव्या खोक्यात घातली, झाकण लावलं आणि कपाटात, नव्या ट्यूबांच्या शेजारी, छान रचून ठेवली.

परीक्षेच्या तोंडावर वर्गातली एक ट्यूब गेली. मामांनी कपाटातून नवी आणून लावली. लागेना. दुसरी लावली. लागेना. इलेक्ट्रिशियन आला, त्यानं स्टार्टर बदलला, चोक बदलला, शेवटी म्हणाला, "वायरिंगच गेली सर." मुख्याध्यापकांनी वीज कंपनीला दोन शब्द सुनावले. आणि इकडं आमच्या शेडमध्ये जोशी सर एकेक खोकं उघडून बघतायत तर आत कोऱ्या करकरीत ट्यूब!

मी जाऊन मामांना समजावलं. "मामा, यापुढं जुन्या ट्यूबवर काळ्या मार्करनं मोठी फुली मारायची. फुली म्हणजे जुनी. लक्षात राहील?"

"ऱ्हाईल की!"

पुढच्या फेरीला गेले तर मामा दारातच उभे. "मॅडम, झालं तुमचं काम. समद्या शाळेत फुल्या मारल्या." आत जाऊन बघते तर वर्गावर्गात, छताला लावलेल्या, लख्ख चालू असलेल्या ट्यूबवर काळ्या फुल्या!

"मामा, अहो, या तर चालू आहेत!"

"आज हायत. कवा ना कवा जुन्या व्हनारच की! म्हनलं, शिडी लावलीच हाय तर उरकून घ्यावं."

*

मला जमलं नाही म्हणून चाचांकडे जोशी सर स्वतः गेले. सोबत आमचा मीटर होता. हवेत पारा असला की तो वाजायला लागतो.

सरांनी मीटर ढिगापाशी धरला. तो असा काही वाजायला लागला की शेजारच्या गॅरेजमधली माणसं बाहेर आली. सरांनी तो रस्त्यावर नेला, गप्प झाला. परत आत आणला, परत बोंब! सरांनी विजयी मुद्रेनं चाचांकडे बघितलं.

चाचा म्हणाले, "मशीन है साब. बजना तो उसका कामच है."

"अहो चाचा, रस्त्यावर का वाजत नाही मग?"

"उसकू मेरा आवार पसंद नै!"

सरांनी मग वेगळा मार्ग धरला. म्हणाले, "ट्यूब अख्ख्या द्या आम्हाला. टोप्या आम्ही मशीननं काढून, साफ करून तुम्हाला परत देतो. तुमचं काही जात नाही."

चाचांनी खळगा पडलेल्या त्या काळ्या दगडावरून हात फिरवला. हा दगड त्यांच्या वडलांचा. ते यावर डबे ठोकायचे. "टोप्यां आप निकालेंगे. फिर मैं दिनभर क्या करूं साब?"

सरांनी मीटर पिशवीत ठेवला. रफिकभाई तिथंच, फाटकापाशी, स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत उभे होते. चटईवर मिस्बाच्या टोपीत मातीची भाकरी भाजत होती.

सर वाळूजला गाडीतून उतरताना म्हणाले, "मंजिरी, आयुष्यभर मी माणसांना पळवलं. हा माणूस पळतच नाही गं!"

*

आता माझ्या स्वतःच्या घरचा. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हॉलभर बायका. सासूबाईंना त्यांच्या कोपऱ्यातल्या लॅम्पमधली जुनी सीएफएल फार प्रिय, "तिचा उजेड डोळ्याला बरा." मी कितीदा सांगितलं, पण ऐकतील तर त्या सासूबाई कसल्या! वाण घेऊन उठताना एका काकूंचा धक्का लागला, लॅम्प आडवा आणि फट्!

दर शनिवारची सवय. माझ्या तोंडून निघालंच, "बाहेर! सगळ्या बाहेर!" मी पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या आणि पैठण्या नेसलेल्या बायका तिळगुळासकट जिन्यानं खाली हाकलल्या.

सासूबाई जिन्यातून ओरडतायत, "अगं, निम्म्या जणींना कुंकू लावायचं राहिलंय!"

"खाली लावा!"

मग काय, पार्किंगमध्ये स्कुट्यांच्या मध्ये हळदीकुंकू झालं. एका स्कुटीच्या सीटवर तबक, दुसरीवर वाण. वॉचमनची बायको तिथंच होती, इस्त्रीचे कपडे द्यायला आलेली ताई होती, त्यांनाही वाण मिळालं. मी वर जाऊन जाड कागदानं काच गोळा केली, ओल्या फडक्यानं फरशी पुसली, सगळं बरणीत घालून झाकण लावलं. खाली आले तर उखाणे चालू होते! मला वाटलं होतं सासूबाई महिनाभर बोलणार नाहीत. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पार्किंगमध्येच करू गं. वर एवढ्या जणी मावतच नाहीत."

आणि दुसऱ्या दिवसापासून बायका पिशव्या घेऊन दारात. घराघरातले जुने दिवे निघाले. एका काकूंनी साधा पिवळा बल्ब आणला होता, तारेचा.

"काकू, यात पारा नसतो. हा नाही दिलात तरी चालेल."

"नसला म्हणून काय झालं? घे की! दोन जिने उतरून आणलाय मी!"

घेतला. माझ्या टेबलावर आहे अजून.

*

एका शनिवारी शबानाला ताप आला आणि चाचा कुठल्या लग्नाला गेलेले, म्हणून रफिकभाई मिस्बाला शेडवर घेऊन आले. मशीन पार मागं, वेगळ्या खोलीत. ही पुढं माझ्या केबिनमध्ये चित्रं काढत बसली होती. सर शनिवार विसरत नाहीत. फट्!

रफिकभाईंनी तिला उचललं, आम्ही सगळे कडुलिंबाखाली. तिनं डोळे मोठे करून सगळ्यांकडे बघितलं. मग सरांच्या तोंडातल्या शिट्टीकडे. शिट्टी झाली, सगळे आत आले, आणि तिनं फर्मान सोडलं, "फिरसे!"

ज्या जोशी सरांना हसताना त्यांच्या बायकोनंही फारसं बघितलं नसेल, त्यांनी त्या दिवशी पणत्यांचं पोतं रिकामं केलं! दुपारपर्यंत मिस्बा सगळं शिकली होती. पंख्याचं बटण, खिडकी, आणि कमरेवर हात ठेवून "बाहर! सब बाहर!" सर मला म्हणाले, "इतकी चांगली ट्रेनी मला कंपनीत कधी मिळाली नाही."

दोनच दिवसांनी सकाळी रफिकभाईंचा फोन. "मॅडम, सर हायत का जवळ? घरी कप फुटला. मिस्बानं माझ्या आईला कांदा चिरता चिरता गल्लीत काढलंय. आत जाऊ देत नाय."

"मग शिट्टी मारा ना तुम्ही!"

"मारली. दोन बोटं घालून मारली. म्हणती, तुम नै, सर!"

सरांनी फोन स्पीकरवर घेतला, गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि अशी मारली की बाहेर चहा पीत उभे असलेले सगळे आत यायला निघाले.

*

आणि हा शेवटचा. त्यानंतर आठवडाभरातच चाचांचा फोन आला. मला वाटलं चुकून लागला.

"मॅडम, साबकू बोलो सिटी मारने. सुबे से बाहर बैठेला हूं."

सरांनी फोन घेतला. शिट्टी तोंडापर्यंत नेली. मग खाली घेतली. "चाचा, तुमच्या आवारात आता काय काय पडलंय?"

चाचा एकेक मोजायला लागले, "कांच, पावडर..." सरांनी मध्येच तोडलं.

"फोनवर नाही जमणार. येतो."

आम्ही गेलो. आवाराबाहेर, रस्त्याच्या कडेला चाचा खाटेवर बसलेले. शेजारी हातगाडीवर भंगार आणलेले दोघं, गॅरेजवाला, आणि उगाच बघायला जमलेले चार जण. आत कुणीच नाही, चाचांचा टेबलफॅन बंद. फाटकात मिस्बा, दोन्ही हात पसरून उभी.

चाचा मला सांगायला लागले. "मैं एक ट्यूब मारा, टक्. ये उठी, पंखा बंद करी. मैं हंसा. ये हंसी नै मॅडम. मेरा हात पकडी और खींचती गयी, खींचती गयी. छोडीच नै."

मग ते सरांना म्हणाले, "मारो ना साब. धंदे का टाइम है."

सर म्हणाले, "आत फुटलेलं पडलंय तोपर्यंत शिट्टी नाही. नियम आहे."

चाचांनी मिस्बाकडे बघितलं. ती सरांकडे बघत होती. रफिकभाई नेहमीसारखे अंगठ्यांकडे बघत उभे होते. आणि मग त्यांनी मान वर केली.

"अब्बा, मैं उठाता."

चाचा जावयाकडे बघतच राहिले. मग वळून त्यांनी मला विचारलं, "ये बोलता है?"

"बोलतात की!"

"हौ," चाचा म्हणाले. "उठा."

दुपारपर्यंत आमची माणसं मास्क आणि हातमोजे घालून आत होती. अख्ख्या ट्यूब आडव्या पेटीत गेल्या, काच आणि पावडर झाकणाच्या ड्रममध्ये, ढिगाखालची मातीसुद्धा खरवडून भरली. मिस्बाची भातुकलीही गेली. तिनं विचारलं, "मेरे तवे?" चाचा म्हणाले, "स्टील के लाके देता." सरांनी मीटर कोपऱ्याकोपऱ्यात फिरवला. तो गप्प होता. चाचा ते लांबून, खाटेवरून बघत होते.

सरांनी शिट्टी तोंडात घेतली. मिस्बानं त्यांचा हात खाली ओढला.

"नै."

तिनं आत बोट दाखवलं. रिकाम्या आवारात मधोमध तो काळा दगड होता.

"वो तो पत्थर है बेटा," चाचा म्हणाले. "मेरे बाप का है."

मिस्बा हलली नाही. चाचा खाटेवरून उठले. फाटकापर्यंत आले. ती पुन्हा हात पसरून उभी राहिली.

"मैं लाता ना. जाने दे."

"सिटी नै हुई."

चाचांनी तिच्या डोक्यावरून आत दगडाकडे बघितलं. मग म्हणाले, "रफिक मियां, जरा संभाल के."

रफिकभाई आत गेले. वाकले, दोन्ही हात खाली घालून दगड उचलला, आडवा धरून हळूहळू बाहेर आणला आणि सासऱ्यासमोर थांबले. चाचांचा थरथरता हात दगडाकडे गेला. मिस्बानं तो मध्येच पकडला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"गाडी में रख," चाचा म्हणाले.

मग शिट्टी झाली.